रानातला चाटू

कोल्हापूरच्या माणसाला रानात जेवायला मोठं निमित्त लागत नाही. ऊस कारखान्याला गेला, बोअरला पाणी लागलं, पोरगं पास झालं, नाहीतर नुसता रविवार आला तरी पुरतं. तीन दगड मांडले जातात, हंडा चढतो, कांदा-खोबरं भाजल्याचा वास सुटतो आणि मग ध्यानात येतं की ढवळायला काही आणलेलंच नाही. घरची स्टीलची पळी एवढ्या खोल हंड्यात पुरत नाही आणि पुरली तर दांडा पोळतो. अशा वेळी एखादा जाणता माणूस उठतो, बांधावरची मनगटाएवढी फांदी कोयत्यानं उतरवतो, साल काढतो, एक टोक तासून चपटं करतो. पाच-दहा मिनिटांत चाटू तयार. जेवणं उरकली की तो चुलीतच जातो.

उघड्यावर बसून, हाताशी असेल त्या धारेनं, लाकडाची पळी घडवणं हे गेल्या काही वर्षांत जगभर छंद म्हणून वाढलं आहे. आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींतही ते आलं. पण आलं ते स्वीडनचा चाकू, बर्चचं लाकूड आणि तिकडच्या कृती घेऊन. बर्चसाठी सांगितलेली कृती बाभळीला लागत नाही. पन्हाळा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात बसून चांगला चाटू घडवायचा तर लाकूड कोणतं, हत्यार कोणतं, हंगाम कोणता आणि बसायचं कुठं, हे सगळं इथलंच पाहावं लागतं. त्यातलं बरंचसं ज्ञान गावच्या सुताराच्या आणि शेतकऱ्याच्या हातात आहे, पण कागदावर फारसं उतरलेलं नाही.

आधी वस्तू पाहू, कारण नावं आहेत तोवर वस्तू सापडतात. चाटू म्हणजे लाकडाची पळी, बहुधा चपटी, तळाला घासत ढवळण्यासाठी. घाट्यानं किंवा घोटणीनं वरण-पालेभाजी घोटतात, रवीनं ताक करतात. उलथण्याला आपल्याकडे कालथाही म्हणतात. तो आता लोखंडी किंवा स्टीलचा असतो, पण जाड बुडाच्या हंड्यासाठी लाकडाचाच बरा. काठवट ही एका ओंडक्यातून कोरलेली उथळ परात, भाकरीचं पीठ मळायची. ज्यांनी काठवटीत मळलेल्या पिठाची भाकरी थापली आहे त्यांना ठाऊक आहे की लाकूड पिठाला गारठवत नाही आणि हाताखाली सरकतही नाही. घाट उतरून कोकणात गेलं की डवली येते: नारळाची अर्धी करवंटी आणि तिच्यात बसवलेला लाकडी दांडा.

हे सगळं बलुत्यातलं काम होतं. सुतार नांगर, कुळव, बैलगाडी करायचा, आणि त्याच कामातून उरलेल्या तुकड्यांतून रवी, लाटणं, चाटू निघायचे. बलुतं बंद पडलं, नांगर लोखंडी झाला, बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, तेव्हा चाटूही संपला. तो वापरणाऱ्यांनी सोडला असं मला वाटत नाही. ज्या मोठ्या कामाच्या आधारावर तो फुकटात होत होता ते कामच गेलं.

लाकडाची आणखी एक अडचण अशी की ते मागे राहत नाही. १९४५-४६ मध्ये पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्या टेकडीतून निघालेली ब्रॉंझची पोसायडनची मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आजही पाहता येते. सातवाहनांच्या काळात या गावाचा व्यापार रोमन जगापर्यंत पोचला होता हे त्या धातूनं सांगितलं. त्या काळच्या घरांतून स्वयंपाक कशानं ढवळला जात होता हे सांगायला मात्र लाकूड उरत नाही. ओल आणि वाळवी त्याचा माग ठेवत नाहीत.

ग्रंथांत मात्र एक धागा पक्का आहे. यज्ञातल्या पळ्यांना लाकूड ठरवून दिलेलं होतं: स्रुव खैराचा, जुहू पळसाची, उपभृत पिंपळाची, ध्रुवा विकंकताची. यामागे धर्म आहे तसा लाकडांचा परिचयही आहे. कोणत्या झाडाची पळी करायची हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याला झाडागणिक वेगळं उत्तर दिलेलं आहे, एवढं मला इथं महत्त्वाचं वाटतं.

बाहेरच्या जगाचं थोडक्यात. स्वीडनमध्ये हातकामाला ‘स्लोईड’ म्हणतात. १८७० च्या दशकात नेस इथं ओट्टो सालोमोन यांनी शिक्षकांना हे हातकाम शिकवायला सुरुवात केली. मुलानं चाकूनं लाकडाची एखादी उपयोगी वस्तू घडवावी, त्यातून हात आणि बुद्धी दोन्ही तयार व्हावीत, हा विचार तिथून अनेक देशांत गेला. विसाव्या शतकात विले सुंडक्विस्ट या कारागिरानं चाकू धरायच्या पकडी, कुऱ्हाडीनं आकार काढणं, पळीचा वाक हे सगळं नीट मांडलं. त्यांचं पुस्तक १९९० मध्ये इंग्रजीत आलं आणि आजच्या बहुतेक पळीकारांची सुरुवात त्यातूनच होते. इंग्लंडमध्ये ईडेल इथं २०१२ मध्ये फक्त पळ्या कोरणाऱ्यांचा मेळावा सुरू झाला. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीम मांडली ती याच जातीची कल्पना होती: हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा. आपल्या जिल्ह्यात गारगोटीला जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठातून शिक्षण गावाच्या जगण्याशी जोडायचा प्रयत्न केला. आजच्या शाळांतला कार्यानुभवाचा तास कागदी फुलांपाशी थांबतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. सातवी-आठवीच्या मुलाला एक चाकू, एक पेरूची फांदी आणि शिकवणारा सुतार मिळाला तर त्या तासात बरंच काही होईल.

आता लाकूड. या विषयाचा जीव इथं आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

पळीला लागणारं लाकूड दाट हवं, म्हणजे रस्सा आत मुरत नाही. चिवट हवं, म्हणजे पातळ कड तुटत नाही. वास आणि चव सोडणारं नको. आणि ओलं असताना चाकूला दाद देणारं हवं. या चारही गोष्टी एकत्र मिळणारं, सहज हाती येणारं लाकूड मला विचाराल तर पेरू. कोल्हापूरच्या परसात पेरू असतोच, दरवर्षी छाटणी होते, फांदी सुताच्या गुंडीसारखी घट्ट असते. ओल्या पेरूच्या फांदीतून चाकू फिरवला की ढलपी लांबच लांब निघते. चिकू आणि सीताफळाची छाटणीही अशीच उपयोगी. पहिला चाटू करणाऱ्यानं यांतलंच काहीतरी घ्यावं.

चिंच फार कठीण. मटणाच्या दुकानातला ओंडका चिंचेचा असतो तो उगाच नाही. रोज सुऱ्याचे घाव खाऊनही तो फुटत नाही. लहान चमच्याला चिंच सुंदर, पण ती तोडल्या दिवशीच कोरायला घ्यावी, वाळली की चाकूच नाकारते. बाभळीचंही तेच. बैलगाडीचे तुंबे आणि अवजारांचे दांडे बाभळीचे होत, यावरून तिचा चिवटपणा ओळखावा. लाल गाभ्याचा चाटू वर्षानुवर्षं टिकतो.

आंब्याची फांदी सगळीकडे मिळते आणि सोपीही असते, पण तिच्या चिकानं काहींच्या हातावर पुरळ उठतं. बिब्बा आणि काजू याच कुळातले, हे ध्यानात ठेवावं. शिवाय आंब्याच्या लाकडाला बुरशीचे काळे डाग लवकर धरतात. फणसाचा गाभा पिवळाधमक, हवा लागून हळूहळू तपकिरी होणारा, टिकाऊ आणि कोरायला समाधान देणारा. वीणा-तंबोऱ्यांसाठी तो वापरला जातो. काठवटीसाठी जाड फणस मिळाला तर नशीबच. शिवण हलकी असूनही वाकत-फिरत नाही, म्हणून लांब दांड्याच्या कालथ्याला ती बरी. कडुनिंबाच्या पळ्या बाजारात भरपूर दिसतात. नवी पळी थोडी कडवट लागते, दोन-चारदा उकळत्या पाण्यातून काढली की कडवटपणा कमी होतो. साग मी टाळतो. त्याच्यात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, ते धार मारतात, आणि त्याचा तेलकट वास गरम आमटीत उतरतो.

आपल्या डोंगरातला काळा कुडा पांढराशुभ्र, एकसारख्या पोताचा असतो. चन्नपट्टणची रंगीत खेळणी याच झाडाच्या लाकडाची होतात. हेदूही असाच बारीक पोताचा. पूर्वी त्याच्या फण्या करत. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरला जाणारा पांगारा मात्र पळीला नको. तो इतका मऊ आणि सच्छिद्र असतो की तांबडा रस्सा पिऊन टाकतो.

आणि काही लाकडांना तोंडाजवळ आणायचंच नाही. बांधावर सगळ्यांत सहज मिळणारं गिरिपुष्प, ज्याला आपण उंदीरमारी म्हणतो, त्याचं नावच सावध करतं. कण्हेर, पिवळी कण्हेर, काजरा, बिब्बा, थोर, शेर, करंज ही सगळी वर्ज्य. घाटातल्या जंगलात ओळख नसलेली फांदी सुरेख दिसली म्हणून उचलू नये. झाड ओळखता येत नसेल तर त्याची पळी करायची नाही, हा या कामातला एकमेव नियम आहे ज्याला मी अपवाद ठेवत नाही.

बांबूचा वेगळा परिच्छेद हवा. आजरा, चंदगड, भुदरगडच्या बांधांवर लावलेला माणगा भरीव आणि सरळ असतो. चिरला की सरळ रेषेत फुटतो, म्हणून चिमटे, कालथे, काटे झटपट होतात. पोकळ जातीच्या एका पेराचा पेला होतो. बांबू खोलगट कोरायच्या भानगडीत मात्र पडू नये, तंतू सुटतात. २०१७ च्या कायदादुरुस्तीनं जंगलाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळलं, त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडायला आडकाठी उरली नाही.

लाकूड मिळालं की हंगामाचा प्रश्न येतो, आणि इथं परदेशी पुस्तकं सगळ्यांत जास्त फसवतात. ओलं लाकूड वाळताना आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. वर्षवलयांच्या दिशेनं ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. म्हणून अख्खी गोल फांदी वाळली की तिला गाभ्यापर्यंत चीर जाते. उपाय सोपा: फांदी उभी दोन भागांत फोडायची, मधला गाभा काढून टाकायचा आणि मगच पळीचा आकार काढायचा. थंड हवेत हे करून पळी तशीच ठेवली तरी चालते. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात नाही चालत. मी एकदा होळीनंतर पेरूच्या तीन पळ्या कोरून अंगणातल्या कट्ट्यावर ठेवल्या आणि जेवून परत आलो तर तिन्हींच्या टोकांना केसाएवढ्या चिरा होत्या. तेव्हापासून उन्हाळ्यात अर्धवट पळी तिच्याच ढलप्यांत गुंडाळून, पोत्यात घालून, सावलीत ठेवतो. काहीजण ती अर्धा तास पाण्यात उकळून घेतात. मग वाळताना ताण कमी राहतो.

खरा हंगाम पावसाळ्याचा शेवट. श्रावण-भाद्रपदात हवेत ओल असते, लाकूड सावकाश वाळतं, छाटण्याही त्याच सुमारास होतात. अडचण बुरशीची. गगनबावड्याच्या पावसात पळी आठवडाभर बंद खोलीत ठेवली तर काळी पडते. चुलीवरच्या माळ्यावर, धुराच्या वाटेत, ती बरोबर वाळते. जुन्या घरात बियाण्याची कणसं जिथं टांगत तिथं.

हत्यारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चांगला परदेशी चाकू वाईट नाही, पण तो नसला तर काम अडत नाही. आकार काढायला उसाचा कोयता किंवा हलकी कुऱ्हाड पुरते. सुताराचा वाकस तर या कामासाठीच जन्मला असं वाटतं: काठवटीचा पोकळ भाग त्यानंच तासतात. चाकू आखूड पात्याचा, चार बोटं लांब, पोलादी, दांडा मुठीत भरणारा असावा. गावचा लोहार ट्रकच्या कमानपाट्यातून असा चाकू करून देतो, पाणी नीट दिलं तर धार टिकते. धारेचा कोन मात्र थोडा जाड ठेवायला सांगा. मऊ बर्चसाठी पातळ धार ठीक, वाळलेल्या बाभळीच्या गाठीवर ती झडते. पळीची वाटी कोरायला तिकडे वाकडा चाकू वापरतात. आपल्याकडे गोल पटाशी आहे, आणि लोहाराला वाकडं पातं दाखवलं तर तोही करून देतो.

यांतलं काहीच नसेल तर निखारा आहे. चुलीतला लालबुंद निखारा लाकडावर ठेवायचा, काडीनं दाबायचा आणि पोकळ काडीतून फुंकत राहायचं. तेवढा भाग जळतो, तो खरवडायचा, पुन्हा निखारा. वाटी गुळगुळीत होते आणि कडेला भाजल्याची तपकिरी झाक राहते. मुक्कामाच्या रात्री गप्पा मारत हे काम निघतं.

हाताला जपणं हे कोरण्याइतकंच शिकायचं काम. चाकू मांड्यांच्या मध्ये चालवायचा नाही; आतल्या बाजूची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर डोंगरात मदत पोचेपर्यंत वेळ राहत नाही. गुडघ्याच्या बाहेर, किंवा कोपर बरगडीला टेकवून आखूड काप घ्यायचे. कोयत्यानं तासताना लाकूड ओंडक्यावर टेकलेलं हवं, हातात अधांतरी नको. बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त जखमा करतो, कारण त्याला जोर लावावा लागतो. थकलो की थांबायचं. संध्याकाळचा शेवटचा काप बहुधा बोटावर पडतो.

मुक्कामासाठी सगळ्यांत शहाणी वस्तू माझ्या मते डवलीच. अर्ध्या करवंटीला कडेजवळ समोरासमोर दोन भोकं पाडायची, तासलेली काठी त्यांतून आरपार घालायची, घट्ट बसेल एवढी जाड. झालं. अर्ध्या तासात ओगराळ्याचं काम करणारी पळी. उत्तरेकडचे सामी लोक बर्चच्या गाठीतून पेला कोरतात आणि जगभर त्याचं कौतुक होतं. आपल्याला करवंटी झाडानंच कोरून दिली आहे. तिच्याबरोबर पत्रावळ आणि द्रोण असले की मुक्कामाची भांडी पुरी झाली.

बसायचं कुठं? इथं मन दुखावणारं सांगावं लागतं. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ चं. १९८५ मध्ये ते वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं. अभयारण्यातून फांदीसुद्धा उचलायला परवानगी लागते आणि तिथं विस्तव पेटवायला वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, चंदगड, आजरा-भुदरगड हे संवर्धन राखीव आहेत. देवराईत तर गावानंच शतकानुशतकं काडी न मोडायचा दंडक पाळला आहे. दर जुलैत पन्हाळ्याहून मसाई पठारामार्गे पावनखिंडीकडे हजारो पावलं जातात. त्या प्रत्येकानं वाटेत एकेक फांदी तोडली तर काय राहील? त्यामुळे काळा कुडा आणि हेदू यांचं गुणवर्णन केलं असलं तरी त्यांना जंगलातच राहू द्यावं. आपलं लाकूड परसात, बांधावर, बागेच्या छाटणीत, पावसाळ्यात रस्त्यावर पडलेल्या फांदीत आहे. मुक्कामाला जाताना घरून फोडून, गाभा काढून, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं लाकूड न्यावं. कोरायला तिकडे बसावं, ढलप्या गोळा करून परत आणाव्यात.

उरलं शेवटचं हातफिरवणं. काचकागदानं घासून घासून पळी बाहुलीसारखी करण्यापेक्षा धारदार चाकूचा शेवटचा काप मला आवडतो. कापलेला पृष्ठभाग पाणी लागल्यावर फुलत नाही, घासलेला फुलतो. तेल कोणतं? शेंगतेल आणि खोबरेल हवेत सुकत नाहीत, पुढे खवट वास येतो. जवसाचं तेल हवेत घट्ट होतं, ते उत्तम, पण खायच्या दर्जाचं घ्यावं. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात धातूंची संयुगं मिसळलेली असतात. तेलाचा बोळा गुंडाळून कोपऱ्यात टाकू नये, आपोआप तापून पेटतो; पसरून वाळवावा. करडईचं तेल जवसाइतकं नाही तरी बऱ्यापैकी सुकतं, आणि ते आपल्या भागातल्या घाण्यावर मिळतं. मी तेच लावतो.

लाकूड अस्वच्छ, हा समज घट्ट आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर यांनी १९९० च्या दशकात लाकडी आणि प्लास्टिकच्या फळ्यांवर जंतू सोडून पाहिले. लाकडावरचे जंतू आत शोषले जाऊन कमी होत गेले, सुऱ्यांच्या चिरा पडलेल्या प्लास्टिकवरचे धुऊनही चिवटपणे राहिले. याचा अर्थ चाटू न धुता ठेवावा असा नाही. गरम पाण्यानं धुवावा, उभा टांगून वाळवावा, चीर पडलेला फेकावा. पाण्यात भिजत ठेवू नये.

माझ्याकडे आजीचा एक चाटू आहे. बाभळीचा असावा, धुरानं इतका काळा झाला आहे की खात्रीनं सांगता येत नाही. त्याचं टोक सरळ नाही. डावी कड उजवीपेक्षा बोटभर झिजली आहे, कारण आजी उजव्या हातानं, चुलीच्या डाव्या अंगाला बसून, हंड्याच्या बुडाशी तिरका धरून ढवळायची. नवा चाटू करताना मी त्याचा कागदावर छाप घेतला आणि पेरूच्या लाकडात तसाच तिरका काप दिला. पहिल्याच दिवशी तो हंड्याच्या बुडाला अंगभर टेकला, पिठलं कुठंच लागलं नाही. गावातल्या इतर घरांतले जुने चाटू आता मी असेच मापून ठेवतो आहे. आतापर्यंत अकरा झाले, आणि प्रत्येकाची झीज वेगळी आहे.